सोलापूरहून क्रूझला ग्रुप निघाला की गाडीचाच घोळ का होतो, आणि तो कसा सोडवायचा

जहाजाची केबिन लोक चार-चार महिने आधी बुक करतात आणि सोलापूर ते मुंबईची गाडी मात्र शेवटच्या आठवड्यात ठरते. भिशी मंडळ असो, निवृत्त शिक्षकांचा ग्रुप असो की तीन भावांची मिळून पंचवीस माणसं असोत, बिघाड एकाच टप्प्यात होतो: घरापासून बंदराच्या गेटपर्यंत, आणि गेटपासून परत घरापर्यंत. ओळखीतल्या ग्रुपच्या गाड्या लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि दर हंगामात याच बिघाडासाठी फोन येतात. रेल्वे चुकली तर दुसरी मिळते. जहाज चुकलं तर पैसे तर जातातच, पण म्हाताऱ्या आईवडिलांना समुद्र दाखवायचं राहून जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लक्षणं

पुढच्यातल्या दोन गोष्टी जरी तुमच्या ग्रुपमध्ये दिसत असतील, तर निघायच्या आधी थांबून सगळं तपासा.

- "जहाज संध्याकाळी सुटतंय, दुपारी पोचलो तरी चालतंय" असं कुणीतरी ठामपणे सांगतंय.
- व्हॉट्सॲपवर निघायच्या दोन-तीन वेगवेगळ्या वेळा फिरतायत.
- ड्रायव्हरला "मुंबई, जहाजापाशी" एवढंच सांगितलंय.
- गाडीच्या सीट आणि माणसं बरोबर जुळतायत, बॅगांचा हिशेब कुणीच केलेला नाही.
- सगळ्यांची आधार कार्डं आणि पास एकाच माणसाकडे आहेत.
- परतीचं विचारलं की उत्तर येतं, "तीच गाडी येईल की."

शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट. त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

तपासणी १: वेळ उलटी मोजा

याला एक रुपया लागत नाही आणि निम्मे घोळ इथेच मिटतात. जहाज किती वाजता सुटतं हे विसरा. तिकिटावर किंवा वेब चेक-इनच्या पासवर चेक-इन कधी बंद होतं ते बघा. ती वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते, कारण सामानाची तपासणी, ओळखपत्रं, सुरक्षा, सगळं उरकून प्रवाशांची अंतिम यादी बंद करावी लागते. त्या वेळेच्या दोन-तीन तास आधी गेटवर, असं धरा आणि तिथून मागे मोजत या.

सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. बसला चहापाण्यासह साडेचार-पाच तास. पुढचा टप्पा लोक मोजतच नाहीत: हडपसरपासून एक्सप्रेसवेच्या तोंडापर्यंत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या गर्दीत पुणं ओलांडायलाच तास-दीड तास जातो. मग एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, घाटासह दोन तास. त्यापुढे पनवेलपासून दक्षिण मुंबई, अजून दीड तास. सगळं मिळून नऊ ते दहा तास होतात. पहाटे पाचला सोलापुरातल्या पुणे नाक्यावरून हललेली बस दुपारी तीनच्या सुमारास बंदरावर लागते, तीही वाटेत काही झालं नाही तर.

मोबाइलचा मॅप याहून बराच कमी वेळ दाखवतो. तो वेळ मोटारीचा असतो. बसला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवलेला असतो आणि वीस माणसांचा एक चहा कधी दहा मिनिटांत होत नाही.

त्यात आपल्या रस्त्याची दोन खास कारणं आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रूझचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि नेमका तोच आपल्या जिल्ह्यातला गाळप हंगाम. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर या पट्ट्यात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे भिगवणच्या बाजूला उजनीच्या पाण्यावरून धुकं येतं. दोन्हींवर उपाय एकच, ड्रायव्हरला घाई करायला लागू नये इतका वेळ हातात ठेवणं. कार्तिकी वारीच्या दिवसांत मोहोळ-टेंभुर्णीकडे आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरातच होम मैदानाच्या आसपास अडकायला होतं. त्या दिवसांत माणसं गावातून उचलू नका, सगळ्यांना थेट पुणे नाक्यावर बोलवा.

माझं मत स्पष्ट आहे: ज्या दिवशी जहाज, त्या दिवशी सकाळी सोलापूर सोडायचं नाही. आदल्या रात्री निघा, किंवा आदल्या दिवशी जाऊन नवी मुंबईत मुक्काम करा. क्रूझ बऱ्याचदा शुक्रवार-शनिवारच्या असतात आणि खंडाळ्याचा घाटही नेमका त्याच दिवशी तुंबतो.

तपासणी २: नेमकं कुठं उतरायचं?

हीसुद्धा फुकटची. सोलापूरच्या ड्रायव्हरला मुंबईत जहाज म्हटलं की दोन जागा आठवतात, गेटवे ऑफ इंडिया आणि भाऊचा धक्का. गेटवेवरून एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँच सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे माणसांसोबत गाड्याही नेणारी बोट, जाते. मोठी क्रूझ यांपैकी कुठूनच सुटत नाही. मुंबईचं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, इंदिरा डॉकवर आहे. त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं.

बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, ऑरेंज गेट वगैरे. "पोर्टचं गेट" म्हणून भलत्याच गेटवर गाडी लागली की बंदराच्या भिंतीकडेने बॅगा ओढत चालावं लागतं, किंवा पी. डि'मेलो रोडच्या ट्रकांच्या रांगेत गाडी वळवून आणावी लागते. तुमच्या पासवर जे गेट छापलंय तेच नाव, त्याचं लोकेशन आणि "सीएसएमटीच्या पुढे, बॅलार्ड इस्टेट" ही खूण ड्रायव्हरला मराठीत लिहून द्या. नुसतं लोकेशन पाठवून थांबू नका. "अण्णा, वाचून दाखवा बरं कुठं जायचंय ते" असं म्हणून त्यांच्या तोंडून ऐका.

अटल सेतूवरून जायचं तर टोल वेगळा, पण वाशी-चेंबूरची गर्दी टळते. मात्र शिवडीला उतरल्यावर मोटारी जशा ईस्टर्न फ्रीवेने सरळ ऑरेंज गेटला येतात तशी मोठी बस येऊ शकत नाही, तिला खालून बंदराच्या रस्त्याने यावं लागतं. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याच्या कामामुळेही त्या भागात रस्ता अरुंद होतो. शेवटच्या या पट्ट्यासाठी पाऊण तास जादा ठेवा.

तपासणी ३: ज्याचे कागद त्याच्या खिशात

मूळ ओळखपत्र आणि पासची छापील प्रत प्रत्येकाच्या अंगावर असावी. डिकीतल्या बॅगेत नको आणि ग्रुपलीडरच्या फाइलमध्ये तर नकोच. दोन गाड्या असतील आणि लीडरची गाडी मागे अडकली, तर पुढची बाराच्या बारा माणसं गेटबाहेर उभी राहतात. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का तेही आताच बघा. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड घरांतली आडनावं इंग्रजीत दोन-तीन प्रकारांनी लिहिली जातात, तिथे हमखास फरक निघतो. क्रूझ कंपनीला फोन करून आधी दुरुस्त करता येतो, गेटवर नाही.

तपासणी ४: बॅगा मोजा

सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर म्हणजे सतरा माणसं. सतरा माणसं आणि सतरा मोठ्या बॅगा नव्हेत. पुशबॅक सीटच्या गाडीत मागची डिकी लहानच असते. क्रूझला जाणारा माणूस लग्नाला निघाल्यासारखे कपडे घेतो, चाकाची मोठी बॅग ठरलेली. माझा साधा नियम: सतरा सीटरमध्ये बारा, फार तर तेरा माणसं. त्याहून जास्त असतील तर मोठी गाडी घ्या. टपावर कॅरियर असेल तर ताडपत्री आणि दोरी ड्रायव्हरकडे आहे का ते निघायच्या आधी डोळ्यांनी बघा.

दर माणशी एक मोठी आणि एक हातातली बॅग असं आधीच जाहीर करा आणि बॅगेवर नाव, मोबाइल नंबर लावा. खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी प्रवासाला उत्तम, पण ती बंदराच्या आधी संपेल एवढीच घ्या. घरचं शिजवलेलं जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत आणि तपासणीच्या टेबलावर डबे रिकामे करायला लागले की सगळी रांग खोळंबते.

तपासणी ५: बसच हवी का? आधी रेल्वे बघा

पंधरा-वीस माणसांपर्यंतच्या ग्रुपला मी आधी रेल्वेच सुचवतो. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूर सोडते आणि सकाळी सीएसएमटीला पोचवते. तिथून बॅलार्ड पिअर जेमतेम दोन किलोमीटर. घाट नाही, पुणं नाही, ऊस नाही, सगळे झोपून ताजेतवाने. सकाळी मुंबईत, म्हणजे गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तरी जहाज हातातून जात नाही. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सुटून दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला येते. चेक-इन दुपारी उशिरापर्यंत असेल तर ती चालते, पण उशिराला जागा उरत नाही, आणि ती गुरुवारी सोलापूरहून सुटत नाही. ज्येष्ठ मंडळी असतील तर मी सिद्धेश्वरच धरतो. विमानही आता आहे, पण मोठ्या ग्रुपला एकाच फेरीत सगळ्यांच्या जागा मिळणं अवघड आणि सामानाची मर्यादाही कडक.

रेल्वेचं घोडं अडतं ते आरक्षणात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण फक्त ६० दिवस आधी उघडतं. केबिन चार महिने आधी घेतली असेल तर रेल्वेचं तिकीट तेव्हा मिळतच नाही, आणि मग ते काढायचं राहून जातं. ज्या दिवशी आरक्षण उघडणार तो दिवस कॅलेंडरवर लिहा आणि एका माणसाच्या गळ्यात ते काम घाला. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, तत्काळमध्ये चारच. वीसजणांसाठी एकाच वेळी तीन-चार जणांनी आपापल्या खात्यावरून तिकिटं काढायची, किंवा स्टेशनवरच्या आरक्षण कार्यालयात ग्रुप बुकिंगचा लेखी अर्ज द्यायचा. अर्ज देणार असाल तर आधीच जाऊन नियम विचारून या.

सीएसएमटीला उतरल्यावर रिक्षा शोधू नका. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, हे आपल्याकडच्या कित्येकांना तिथे उतरल्यावर कळतं. काळी-पिवळी टॅक्सी धरा. एका टॅक्सीत मोठ्या बॅगांसह तीनच माणसं नीट बसतात. पी. डि'मेलो रोडच्या बाजूने बाहेर पडलात तर बंदराकडे जाणं सोपं. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना पहिल्या टॅक्सीत बसवा, धडधाकट माणूस शेवटच्या टॅक्सीत.

तपासणी ६: बसच ठरली असेल तर

आता पैसे लागणाऱ्या गोष्टी. पिवळ्या पाटीवर काळे अंक, म्हणजे भाड्याने चालवायची परवानगी असलेली गाडी. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करू शकते आणि वाटेत आरटीओने अडवली तर जहाज गेलंच समजा. गाडीचा नंबर घेऊन एम-परिवहन ॲपवर फिटनेस आणि विम्याची मुदत बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि मालकाला विचारण्यापेक्षा खात्रीचं.

रात्रीच्या प्रवासाला दोन ड्रायव्हर. यात घासाघीस करू नका. दिवसभर अक्कलकोट-तुळजापूरची ट्रिप मारून आलेल्या माणसाला रात्री मुंबईला पाठवणारे लोक आहेत. म्हणून ठरवतानाच विचारा: "हे ड्रायव्हर आज दिवसा कुठं होते?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी गाडी बघा.

भाड्याचा हिशेब लेखी घ्या: किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग आणि रोजचे किमान किलोमीटर. वाद याच शेवटच्या ओळीवर होतात. दिवसाला किमान ३०० किलोमीटर ठरले असतील तर गाडी उभी असली तरी तेवढे लागतात. दोन रात्रींची क्रूझ आणि आदल्या रात्री निघणं धरलं, तर चार दिवसांचे १२०० किलोमीटर होतात. त्याऐवजी सोडून रिकामी परत आणि पुन्हा रिकामी न्यायला, अशा दोन फेऱ्या केल्या तर १६०० च्या वर जातात. म्हणजे लहान क्रूझला गाडी थांबवून ठेवणं स्वस्त. पाच रात्रींच्या क्रूझला थांबवली तर सात दिवसांचे २१०० होतात, तिथे दोन फेऱ्या परवडतात. तीन रात्रींना दोन्ही जवळपास सारखंच पडतं. तेव्हा मी थांबवतो, कारण ड्रायव्हरला पुरेशी झोप मिळते.

आणखी एक गोष्ट मालकाकडून आधीच वदवून घ्या. दक्षिण मुंबईत मोठ्या खासगी बसना ठरावीक वेळांत येऊ देत नाहीत आणि वाहतूक पोलिसांचे ते आदेश बदलत असतात. तुमच्या वेळेला ही बस गेटपर्यंत जाईल का? नसेल तर माणसं कुठं उतरतील आणि पुढे कशाने जातील? मुंबईला नेहमी गाड्या पाठवणाऱ्या मालकाकडे याचं उत्तर तयार असतं. "बघू तिथं गेल्यावर" म्हणणाऱ्याकडे नसतं.

तपासणी ७: परतीचा प्रवास

सगळ्यात अवघड भाग, आणि लोक सगळ्यात कमी विचार करतात तो इथेच. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, म्हणून "सकाळी आठला गाडी गेटवर" असं ठरवतात. धक्क्याला लागणं आणि तुमचा शेवटचा माणूस बॅगेसह गेटबाहेर येणं यात दोन-तीन तास सहज जातात. उतरण्याची पाळी मजल्यांप्रमाणे लागते. एकाच ग्रुपच्या केबिन वेगवेगळ्या मजल्यांवर असतील तर अर्धे बाहेर आणि अर्धे आत. तेवढा वेळ बस गेटवर उभी राहू देत नाहीत. पोलीस हलवतात, ड्रायव्हर कुठेतरी लांब जाऊन उभा राहतो, मग फोनाफोनी सुरू. किनारा सुटला की मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे आदल्या रात्री जहाजावरून ड्रायव्हरशी काही ठरवता येईल या भरवशावर राहू नका.

जाण्याच्या दिवशीच, जहाजावर चढायच्या आधी, तीन गोष्टी पक्क्या करा. एक, गाडी गेटवर नव्हे तर पार्किंगला थांबेल आणि फोन आल्यावरच हलेल. दोन, शेवटची बॅग बाहेर आल्याशिवाय तो फोन करायचा नाही आणि तो करणारा माणूस एकच. तीन, बाहेर भेटायची जागा सावलीतली, सगळ्यांना माहीत असलेली. आपला एक माणूस पहिल्या पाळीत उतरून तिथे उभा राहतो, दुसरा सगळ्यांच्या शेवटी उतरतो. दोघांचे फोन आणि पॉवर बँक आदल्या रात्री भरलेल्या.

रेल्वेने परतत असाल तर सकाळची कुठलीही गाडी धरू नका. दुपारी चारच्या सुमाराची वंदे भारत रात्री साडेदहानंतर सोलापूरला आणते, बुधवारी मात्र ती मुंबईहून नसते. नाहीतर रात्रीची सिद्धेश्वर. मधल्या वेळेत सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवता येतं, पण कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक बॅगेला छोटं कुलूप घरूनच लावा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

ग्रुप चाळीसच्या वर असेल, व्हीलचेअरवरची माणसं असतील, किंवा सफर परदेशी बंदराला जाणारी असेल, तर हे काम घरी करू नका. मुंबईत बंदरावरची ने-आण नेहमी करणाऱ्या नोंदणीकृत टूर ऑपरेटरला द्या. व्हीलचेअरची गरज क्रूझ कंपनीला बुकिंगच्या वेळीच कळवा.

घाटात ब्रेकचा जळका वास आला, किंवा ड्रायव्हरने "ब्रेक जरा लागेनात" म्हटलं, की सुरक्षित जागा बघून गाडी थांबवायला सांगा आणि माणसं कठड्याच्या पलीकडे उभी करा. गाडी गार करून पुढे रेटायची नाही. मेकॅनिक येऊ दे किंवा दुसरी गाडी येऊ दे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, कुणाला लागलं असेल तर १०८, पोलीस हवेत तर ११२. ड्रायव्हर पेंगतोय असं वाटलं तरी हाच नियम, मग कितीही उशीर झालेला असो.

चेक-इनच्या वेळेत पोचणार नाही हे लक्षात आलं की ड्रायव्हरला पळवू नका. तिकिटावरच्या नंबरवर क्रूझ कंपनीला लगेच फोन करा, गाडी कुठे आहे आणि किती माणसं आहेत ते सांगा. पुढच्या बंदरावर जाऊन जहाज गाठू, असा बेत कंपनीच्या लेखी होकाराशिवाय करायचा नाही. तिथे चढू द्यायचं की नाही हे कंपनी आणि बंदरातले अधिकारी ठरवतात, आणि रात्रभर गाडी हाकून गोव्याला गेलेल्या माणसांना तिथल्या गेटवरूनही परत फिरावं लागू शकतं.